विद्यापीठातून एकच नाव : मर्यादित नामनिर्देशनाच्या संशोधन अनुदानाची तयारी

चेन्नईतील जॉर्ज टाउन ही बंदराला लागून असलेली जुनी व्यापारी वस्ती. १९१२ साली या वस्तीत, ब्रॉडवेजवळच्या शैव मुथय्या मुदली रस्त्यावरील एका लहानशा घरातून एक चोवीस वर्षांचा लिपिक पोर्ट ट्रस्टच्या कार्यालयात कामाला जात असे. वेतन महिना ३० रुपये. महाविद्यालयीन परीक्षेत तो अनेकदा अनुत्तीर्ण झालेला होता आणि त्याच्याजवळ कोणतीही पदवी नव्हती. त्याचे नाव श्रीनिवास रामानुजन. १ मे १९१३ पासून मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली आणि हिशेबाच्या वह्यांतून त्यांची सुटका झाली.

ही शिष्यवृत्ती खासगी प्रतिष्ठानाची नव्हती, विद्यापीठाचीच होती. तरीही तिची हकिकत आजच्या कृषी संशोधकाला उपयोगी आहे. रामानुजन यांनी थेट अर्ज केला आणि पैसे मिळाले, असे घडले नाही. एका बाहेरच्या तज्ज्ञाने त्यांचे काम पाहिले, विद्यापीठाला पत्र लिहिले, अभ्यास मंडळाने विचार केला, कार्यकारी मंडळाने निर्णय घेतला आणि एका नियमासाठी शासनाची संमतीही घ्यावी लागली. संशोधक आणि निधी यांच्यामध्ये विद्यापीठ उभे होते. मर्यादित नामनिर्देशनाच्या अनुदानात नेमकी हीच परिस्थिती असते.

मर्यादित नामनिर्देशन म्हणजे काय?

शासकीय संशोधन योजनांमध्ये सामान्यतः पात्र असलेला प्रत्येक शास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवू शकतो. अनेक खासगी प्रतिष्ठानांची रीत वेगळी आहे. ती प्रत्येक विद्यापीठाकडून एक, दोन किंवा ठरावीक संख्येनेच नावे मागवतात. विद्यापीठाने ज्याचे नाव दिले नाही, त्याचा प्रस्ताव प्रतिष्ठान उघडूनही पाहत नाही.

अमेरिकेतील पॅकार्ड प्रतिष्ठानाची तरुण वैज्ञानिकांसाठीची अधिछात्रवृत्ती १९८८ साली सुरू झाली. तिच्यासाठी निवडक ५० विद्यापीठांना निमंत्रण जाते आणि प्रत्येक विद्यापीठाच्या प्रमुखाने दोन नावे सुचवायची असतात. जैववैद्यकीय संशोधनासाठी प्यू आणि सर्ल यांच्या योजनाही निमंत्रित संस्थांच्या नामनिर्देशनावरच चालतात. अन्न व कृषी संशोधनासाठी अमेरिकेत २०१४ च्या कृषी कायद्याने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाच्या नवसंशोधक पुरस्कारातही संस्थेमागे एकाच नावाची मर्यादा राहिली आहे. श्मिट सायन्स फेलोज या योजनेत उमेदवाराचे नाव सहभागी विद्यापीठाकडूनच जावे लागते. भारतातील संशोधक विद्यार्थ्यांना गूगलची पीएच.डी. अधिछात्रवृत्तीही विद्यापीठाच्या नामनिर्देशनातून मिळत आली आहे.

प्रतिष्ठाने अशी मर्यादा का घालतात, हे समजून घेतले तर प्रस्ताव लिहिणे सोपे जाते. पहिले कारण मनुष्यबळाचे आहे. प्रतिष्ठानाचे कार्यालय लहान असते आणि हजारो प्रस्ताव वाचणे त्याला शक्य नसते. दुसरे कारण जबाबदारीचे. विद्यापीठाने एकच नाव द्यायचे असेल तर ते विचारपूर्वक दिले जाईल आणि त्या संशोधकाला प्रयोगशाळा, वेळ व मनुष्यबळ देण्यास विद्यापीठ बांधील राहील, अशी प्रतिष्ठानाची अपेक्षा असते. म्हणजे ते नाव विद्यापीठाचा शब्द ठरते.

खरी चुरस कोठे असते?

पॅकार्ड योजनेचे गणित बोलके आहे. ५० विद्यापीठे आणि प्रत्येकी दोन नावे, म्हणजे प्रतिष्ठानापुढे जास्तीत जास्त १०० प्रस्ताव येतात. त्यांतून दरवर्षी सुमारे २० जणांची निवड होते. याचा अर्थ, नाव एकदा विद्यापीठाबाहेर पडले की यशाची शक्यता साधारण पाचास एक. विद्यापीठाच्या आत मात्र विज्ञान व अभियांत्रिकीच्या सर्व शाखांतील पात्र तरुण प्राध्यापकांतून केवळ दोघांना निवडायचे असते. अवघड दार आतले आहे.

महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांच्या दृष्टीने ही बाब अधिक महत्त्वाची आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार विद्यापीठे म्हणजे एकेक परिसर नव्हेत. प्रत्येकाच्या कार्यक्षेत्रात अनेक महाविद्यालये, विभागीय संशोधन केंद्रे आणि पीकवार केंद्रे विखुरलेली आहेत. प्रतिष्ठानाच्या लेखी मात्र हे सर्व मिळून एकच विद्यापीठ. त्यामुळे भात केंद्रावरील कीटकशास्त्रज्ञ, मुख्यालयातील जैवतंत्रज्ञ आणि कृषी अभियांत्रिकीतील प्राध्यापक हे तिघे एकाच जागेसाठी उभे राहतात. ते एकमेकांचे शोधनिबंध वाचत नसतात आणि त्यांच्यातून निवड करणारी समितीही तिन्ही विषयांची जाणकार असू शकत नाही.

मद्रासमधील नऊ आठवडे

रामानुजन यांच्या प्रकरणाचा क्रम पाहण्यासारखा आहे. पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग आणि त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकारी व गणिती एस. नारायण अय्यर यांना या लिपिकाचे सामर्थ्य उमगले होते. फेब्रुवारी १९१३ मध्ये भारतीय वेधशाळांचे महासंचालक गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले. मान्सूनच्या अंदाजासाठी आज कृषी क्षेत्र ज्या 'दक्षिणी आंदोलना'चा आधार घेते, त्याचा शोध पुढे याच वॉकर यांनी लावला. ते केंब्रिजचे नामांकित गणिती होते. स्प्रिंग यांनी रामानुजन यांचे काम त्यांच्यापुढे ठेवले. २६ फेब्रुवारीला वॉकर यांनी विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र पाठवले. १९ मार्चला गणिताच्या अभ्यास मंडळाने शिष्यवृत्तीची शिफारस केली. नियमानुसार शिष्यवृत्तीसाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक होती. विद्यापीठाने शासनाच्या संमतीने त्यातून सूट दिली. १ मेपासून दोन वर्षांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. पत्रापासून प्रारंभापर्यंत सुमारे नऊ आठवडे.

हे नऊ आठवडे पुरेसे ठरले, कारण त्यामागे कित्येक वर्षांची तयारी होती. रामानुजन यांच्या वह्या भरलेल्या होत्या. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात १९११ मध्ये त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला होता. (या परिषदेचे ग्रंथालय त्या काळी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते.) नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांनी काही काळ महिना २५ रुपयांची मदत स्वतःच्या पदरातून केली होती. १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिले होते आणि वॉकर यांच्या पत्राच्या सुमारासच हार्डी यांचे उत्साहवर्धक उत्तर मद्रासला आले. संधी आली तेव्हा दाखवण्यासाठी लिखित काम होते आणि त्या कामाबद्दल बोलू शकणारी माणसेही होती.

आजच्या संशोधकाने यातून घ्यायची गोष्ट हीच. प्रतिष्ठानाची घोषणा झाल्यावर विद्यापीठांतर्गत मुदत अनेकदा दोन-तीन आठवड्यांचीच असते. तेवढ्या काळात कल्पना सुचवून, प्राथमिक निरीक्षणे गोळा करून आणि शिफारसपत्रे मागवून प्रस्ताव उभा राहत नाही. दोन पानांचा संकल्पनालेख, अद्ययावत परिचयपत्र, प्राथमिक नोंदी आणि ढोबळ अंदाजपत्रक हे चार कागद घोषणेपूर्वीच तयार असावेत.

प्रस्तावाचा पहिला वाचक

अंतर्गत समितीत मृदाशास्त्रज्ञ, पशुवैद्यक किंवा अर्थशास्त्रज्ञ असू शकतात. प्रस्तावाचे पहिले वाचक तेच. म्हणून पहिला परिच्छेद त्यांना एका वाचनात समजला पाहिजे.

समजा, एका कीटकशास्त्रज्ञाने असा आरंभ केला : 'पेक्टिनोफोरा गॉसिपिएलाच्या क्राय-प्रथिन प्रतिकारक समष्टींतील कामगंध प्रतिसादाच्या स्थलकालिक विचलनाचे मूल्यांकन.' वाक्य चुकीचे नाही. पण पशुवैद्यक सदस्याला त्यातून काहीच हाती लागणार नाही.

हाच प्रस्ताव असाही सुरू होऊ शकतो : 'गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. नुकसान डोळ्यांना दिसते तेव्हा फवारणीची योग्य वेळ टळलेली असते. म्हणून कामगंध सापळ्यांतील पतंग मोजले जातात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात दररोज ८ पतंग सापडले तर उपाय सुरू करावेत, अशी शिफारस आहे. कोरडवाहू आणि बागायती कपाशीत हा आकडा बोंडातील प्रत्यक्ष नुकसानीशी सारखाच जुळतो का, हे तीन हंगामांत तपासले जाईल. जुळत नसेल तर शेतकरी एकतर वायफळ फवारणी करतो किंवा उशिरा करतो.' येथे समस्या, प्रश्न, कालावधी आणि उत्तराचा उपयोग हे चारही मुद्दे आले. तांत्रिक तपशील त्यानंतर यावा आणि तो काटेकोर असावा.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रतिष्ठानाचा हेतू. शासकीय प्रकल्पासाठी लिहिलेला प्रस्ताव मुखपृष्ठ बदलून पाठवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु काही प्रतिष्ठाने व्यक्तीला निधी देतात, काही विशिष्ट प्रश्नाला, तर काही नेहमीच्या योजनांतून ज्याला पैसा मिळणार नाही अशा धाडसी कल्पनेला. मागील काही वर्षांत कोणाला अनुदान मिळाले याची यादी बहुतेक प्रतिष्ठाने प्रसिद्ध करतात. ती लक्षपूर्वक वाचल्यास जाहिरातीतील मोघम शब्दांचा अर्थ स्पष्ट होतो. पात्रतेची अटही प्रथम पाहावी. वय, पीएच.डी. नंतरची वर्षे किंवा नियुक्तीनंतरचा काळ यांची मर्यादा असते. रामानुजन यांच्यासाठी नियम शिथिल झाला, कारण तो विद्यापीठाच्या आणि शासनाच्या हातातला होता. प्रतिष्ठानाचा नियम विद्यापीठ शिथिल करू शकत नाही आणि अपात्र नाव पाठवले तर ती जागा वाया जाते.

शिफारसपत्र कसे असावे?

वॉकर यांचे पत्र शिफारसपत्राचा उत्तम नमुना आहे. त्यांनी तीन गोष्टी केल्या. रामानुजन यांचे काम स्वतः पाहून त्याच्या स्वतंत्रतेची तुलना केंब्रिजच्या महाविद्यालयातील गणिताच्या अधिछात्राच्या कामाशी केली. त्याचबरोबर, या कामात अद्याप पुरेशी परिपूर्णता व काटेकोरपणा नाही आणि गणिताच्या या शाखांत आपला विशेष अभ्यास नाही, हेही मोकळेपणाने लिहिले. शेवटी विद्यापीठाने नेमके काय करावे ते सांगितले : या तरुणाला निदान काही वर्षे तरी उपजीविकेच्या चिंतेतून मुक्त करून पूर्ण वेळ गणिताला देऊ द्यावा.

'अत्यंत हुशार, कष्टाळू आणि मनमिळाऊ' अशा विशेषणांनी भरलेल्या पत्रांपेक्षा असे पत्र समितीला अधिक विश्वासार्ह वाटते. उणिवेचा उल्लेख असल्यामुळे स्तुतीला वजन येते. म्हणून शिफारस मागताना केवळ पदाने मोठी व्यक्ती शोधू नये. ज्यांनी शेतातील चाचणी प्रत्यक्ष पाहिली आहे, नोंदवह्या चाळल्या आहेत किंवा निबंधाचे परीक्षण केले आहे, त्यांना विनंती करावी. त्यांना संकल्पनालेख आणि प्रतिष्ठानाच्या अटी पाठवाव्यात व किमान तीन-चार आठवडे द्यावेत.

निधीचे नियम आधी, आनंद नंतर

खासगी दानाचे एक जुने उदाहरण जॉर्ज टाउनमध्येच आहे. पच्चयप्पा मुदलियार हे मद्रासमधील धनाढ्य व्यापारी १७९४ साली निवर्तले. त्यांनी मृत्युपत्राद्वारे मोठी संपत्ती धर्मादाय कार्यासाठी ठेवली होती. ती दीर्घकाळ वादात अडकली. न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर त्या निधीतून १८४२ मध्ये शाळा उघडली आणि पुढे महाविद्यालय झाले. दान आणि शाळा यांच्यात जवळजवळ अर्धे शतक गेले. १९०६ मध्ये रामानुजन याच महाविद्यालयात शिकायला आले होते. दाता उदार असला तरी निधी कामाला लागण्यासाठी नीट व्यवस्था लागते, हे या इतिहासातून दिसते.

आजच्या अर्जदाराने नामनिर्देशनाच्या टप्प्यावरच लेखा विभागाशी बोलावे. तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. पहिला, निधी परदेशी प्रतिष्ठानाचा असल्यास परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० अन्वये संस्थेची नोंदणी आहे का, किंवा तिला सूट लागू होते का? २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेला असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा २० टक्के झाली आहे. म्हणून दोन संस्थांचा संयुक्त प्रकल्प आखताना विशेष दक्षता हवी. दुसरा, प्रतिष्ठान विद्यापीठाचा संस्थात्मक खर्च देते का? अनेक खासगी प्रतिष्ठाने तो देत नाहीत किंवा अत्यल्प देतात. विद्यापीठाने हे मान्य असल्याचे आधी लेखी द्यावे. तिसरा, विद्यापीठाने काही वाटा उचलायचा आहे का? प्रयोगक्षेत्र, वाहन किंवा संशोधन सहायक देण्याचे आश्वासन कुलगुरूंच्या पत्रात असेल, तर संबंधित केंद्रप्रमुखाला त्याची माहिती असली पाहिजे.

देशांतर्गत निधीसाठी आणखी एक मार्ग आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. २०१९ पासून शासकीय निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांतील संशोधनाचाही या कामांच्या अनुसूचीत समावेश आहे. तेथेही कंपनी साधारणपणे प्राध्यापकाशी नव्हे, विद्यापीठाशी करार करते. त्यामुळे कोणाचा प्रकल्प पुढे करायचा, हा अंतर्गत निवडीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

विद्यापीठाची जबाबदारी

जागा एकच असेल तेव्हा ती कोणाला द्यायची याच्या तीन सोप्या आणि सदोष पद्धती रूढ होऊ शकतात. सर्वांत ज्येष्ठाला देणे, विभागांमध्ये आळीपाळीने देणे, किंवा ज्याला बातमी प्रथम कळली त्याला देणे. तिन्ही पद्धतींत वाद कमी होतात, पण प्रतिष्ठानाच्या दारात दुबळा प्रस्ताव जातो. तरुण संशोधकांसाठीच्या योजनेत ज्येष्ठतेचा निकष तर योजनेच्या उद्देशालाच छेद देतो.

याला पर्याय खर्चिक नाही. घोषणा सर्व महाविद्यालयांना आणि संशोधन केंद्रांना एकाच दिवशी, एकाच परिपत्रकाने कळवावी. संकल्पनालेख दोन पानांचाच मागवावा, म्हणजे दूरच्या केंद्रावरील शास्त्रज्ञालाही तो वेळेत लिहिता येईल. निकष आधी जाहीर करावेत : कल्पनेचे नावीन्य, प्रतिष्ठानाच्या हेतूशी मेळ, प्राथमिक पुरावा आणि काम पार पाडण्याची क्षमता. ज्या सदस्याचा सहकारी, विद्यार्थी किंवा मार्गदर्शक स्पर्धेत आहे, त्याने त्या चर्चेतून बाहेर राहावे. निवड झालेल्या संशोधकाचा पूर्ण प्रस्ताव दोन अनुभवी सहकाऱ्यांनी वाचून सुधारावा, कारण पुढे तो विद्यापीठाचा प्रस्ताव असतो.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती न निवडलेल्यांची बाजू. त्यांना निर्णय लेखी आणि कारणांसह कळवावा. 'यंदा शक्य झाले नाही' एवढ्या वाक्याने संशोधकाला पुढच्या वेळी काय सुधारायचे ते समजत नाही, आणि दोन-तीनदा असे झाले की तो अर्ज करणेच सोडतो. विद्यापीठाने अशा संकल्पनालेखांची नोंदवही ठेवली, तर दुसऱ्या प्रतिष्ठानाची घोषणा येताच त्यांतील योग्य लेख पुढे काढता येतो. संशोधकानेही आपला लेख बाजूला न टाकता खुल्या स्पर्धेच्या योजनांसाठी वापरावा. अंतर्गत फेरीत झालेली छाननी तेथे कामी येते.

अनुदान मिळाल्यानंतर

मद्रास विद्यापीठाने रामानुजन यांना शिष्यवृत्ती देताना दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल मागितला होता. ऑगस्ट १९१३, नोव्हेंबर १९१३ आणि मार्च १९१४ असे तीन अहवाल त्यांनी सादर केले. १७ मार्च १९१४ रोजी ते इंग्लंडला निघाले, तेव्हा तेथील खर्चासाठी मद्रास विद्यापीठानेच वार्षिक २५० पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली होती. विद्यापीठाने एकदा टाकलेला विश्वास वेळेवर दिलेल्या अहवालांमुळे टिकला आणि वाढला.

मर्यादित नामनिर्देशनात हे सातत्य अधिक मोलाचे आहे. एका संशोधकाने अहवाल लांबवला किंवा हिशेब अपुरा ठेवला, तर त्याच विद्यापीठाच्या पुढील नावाकडे प्रतिष्ठान सावधपणे पाहते. उलट, नीट पार पडलेले काम पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या, कदाचित कधीही न भेटलेल्या सहकाऱ्याच्या उपयोगी पडते.

खरीप हंगामाच्या धावपळीत प्रस्तावलेखनाला वेळ मिळत नाही, ही कृषी शास्त्रज्ञांची रास्त अडचण आहे. म्हणून उन्हाळ्यात, पेरणीपूर्वी, प्रत्येक तरुण संशोधकाने आपला दोन पानांचा संकल्पनालेख लिहून दुसऱ्या विषयाच्या एका सहकाऱ्याला वाचायला द्यावा. त्या सहकाऱ्याला प्रश्न समजला आणि त्याचे महत्त्व पटले, तर अंतर्गत समितीपुढे जाण्याची निम्मी तयारी झाली असे समजावे. उरलेली निम्मी तयारी हंगामातील नोंदवहीतून होते.